उजव्या गालावरची चार बोटं

माझ्याकडे ऑफिसचा एक कॅमेरा आहे, आणि त्याने आजवर एकाही लग्नाचा किंवा बारशाचा फोटो काढलेला नाही. तो उजेड बघत नाही, उष्णता बघतो. नोएडातल्या फॅक्टऱ्यांमध्ये विजेची पॅनेल तपासणं हे माझं काम. आत कुठे नट ढिला झाला, एखादी तार जळायला आली, की ती जागा आजूबाजूपेक्षा गरम होते. डोळ्यांना काही कळत नाही, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर निळ्याजांभळ्या रंगात ती पिवळीधमक उठून दिसते. मग मी रिपोर्टात तिच्याभोवती लाल गोल काढतो, आणि फॅक्टरीवाले मला चहा पाजतात.

कामावर नवीन इंजिनियर आले की मी त्यांना पहिल्या दिवशी एक गंमत दाखवतो. भिंतीवर तळहात दाबून धरायचा, दहा आकडे मोजायचे, हात काढायचा आणि कॅमेरा भिंतीकडे रोखायचा. पडद्यावर भिंतीवर हात उमटलेला दिसतो, पाचही बोटांसकट. मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकतो, "हाथ गया, निशान रह गया. इसलिए जिस चीज की फोटो लेनी है, उसे पहले छूना मत." सगळे हसतात. पंधरा-सोळा वर्षं मी हे वाक्य म्हणतोय. ते इथे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते वाचताना तुम्ही म्हणाल, ह्या माणसाला इतकंही माहीत नव्हतं का? माहीत होतं.

आम्हाला एकच मुलगी. ती आता वीस वर्षांची आहे, कॉलेजात शिकते आणि मुनिरकाला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. खोली एवढी लहान आहे की दोघींपैकी एकीला वळायचं असेल तर दुसरीने बाहेर जावं लागतं, असं ती सांगते. तिच्या डाव्या गालावर जन्मापासून एक लाल डाग आहे. डोळ्याच्या खालून सुरू होतो आणि वरच्या ओठापर्यंत येतो. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच फुगलेल्या राहिल्या की असा डाग होतो, एवढं साधं त्याचं कारण. त्याला डॉक्टर लोक एका दारूचं नाव देतात, पोर्ट वाइन. आमच्या घरी त्याला नुसतं "गाल" म्हणत. म्हणजे "गालाला क्रीम लावलंस का?" असं विचारलं तर तो डावाच गाल.

बारशाला माझी आई साताऱ्याहून दिल्लीला आली होती. दृष्ट लागू नये म्हणून बाळाला तीट लावायला तिने काजळाची डबी उघडली, बाळाकडे नीट पाहिलं आणि डबी बंद केली. "हिला देवानंच लावून पाठवलीय," ती म्हणाली. "आपण कशाला आणि?" बायको हसली. आई हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिथून माझं सुरू झालं असावं.

माझं म्हणजे काय, ते सांगतो. कुठेही गेलो की मी मुलीच्या डाव्या बाजूला उभा राहत असे. लग्नात, मार्केटमध्ये, मेट्रोच्या डब्यात. तिला ऊन लागतं, गर्दीचा धक्का लागतो, अशी कारणं मी स्वतःलाच देत असे. फोटो काढताना "जरा इकडे बघ" हे माझं वाक्य, आणि "इकडे" म्हणजे नेहमी अशीकडे की उजवा गाल पुढे येईल. मला वाटायचं, मी हे सगळं इतक्या सफाईने करतो की कोणाला कळत नसेल. विजेच्या कामात आम्ही म्हणतो, जी गळती आवाज करत नाही ती जास्त महाग पडते.

तर गेल्या हिवाळ्यात, एका शनिवारी, मुलगी घरी आली ती ओठावर कापूस धरून.

"काय झालं?" बायकोने दारातच विचारलं.

"काही नाही यार आई. पार्लरमध्ये अप्पर लिप करायला गेले होते. त्या दीदीने धागा फिरवला आणि इथला फोड फुटला. रक्त थांबेचना."

"मग?"

"मग काय, ती दीदीच रडायला लागली. हाय राम, मैंने कुछ नहीं किया! मीच तिला पाणी पाजलं. अर्धा तास."

वयाबरोबर तो डाग कुठेकुठे जाड होत चालला होता आणि ओठाच्या वर दोन-तीन बारीक फोड आले होते. दात घासतानाही कधीकधी रक्त यायचं, हे तिने आम्हाला त्या दिवशी सांगितलं. म्हणजे त्याचं काहीतरी करायला हवं होतं, ह्यात वाद नव्हता. वाद होता बाकीच्या गालाचा. तिला तेवढे ओठावरचे फोड काढून हवे होते. मला सगळा डाग जायला हवा होता. गाल तिचा होता, आणि माझं मत तिने विचारलं नव्हतं.

तरी मी दिलंच. रात्रीच्या जेवणाला लेझरवर भाषण दिलं, दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पुन्हा दिलं. "एकदा जातोच आहोत तर सगळंच करून घेऊ," मी म्हटलं.

"अहो, ती काय गाडी सर्व्हिसिंगला टाकतेय?" बायको म्हणाली. "तेल बदलतोच आहोत तर सीट कव्हरही बदला?"

मुलगी पोह्यांतले शेंगदाणे वेचत होती. "आई, बाबाला बोलू दे. त्याचं वीस वर्षांचं साचलंय."

तेव्हा मी ते थट्टेवारी नेलं.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोलणं भराभर. त्यांनी समजावलं की ही लेझर रक्ताच्या लाल रंगाला पकडते, वाहिनी आतून तापते आणि बंद होते. पण आपली कातडी सावळी. तीही थोडा प्रकाश खाते. जास्त जोर लावला तर भाजेल, काळा डाग राहील. कमी लावला तर जाड वाहिन्यांना काही होणार नाही. म्हणून आधी कुठे रक्त जास्त वाहतंय ते बघायचं.

"बघायचं कसं?" मी विचारलं.

"एक कॅमेरा होता है," त्या म्हणाल्या. "छूना नहीं, सुई नहीं, कुछ नहीं. गर्मी देखता है."

माझा चेहरा बघून मुलीने कपाळाला हात लावला. "गेलं," ती म्हणाली. "आता हा थांबत नाही."

मी थांबलो नाही. पंधरा मिनिटं डॉक्टर मॅडमना माझ्या कॅमेऱ्याबद्दल सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी ऐकलं, आणि शेवटी म्हणाल्या, "अच्छा है, आप तो अपने ही आदमी हैं." मी मनात म्हटलं, बिल्कुल. आता हाच कॅमेरा माझ्या बाजूने बोलेल. सगळा डाग पिवळाधमक दिसेल, आणि मग मुलगी काय म्हणणार? मशीनशी कोण भांडतं?

बायको शिक्षिका आहे. तपासणीच्या दिवशी तिच्या शाळेत परीक्षा होती, म्हणून मी आणि मुलगी दोघंच गेलो. नियम कडक होते. क्रीम नाही, पावडर नाही. दोन तास आधीपासून चहा-कॉफी नाही. खोलीत पंखा बंद, एसी एका आकड्यावर, आणि तिथे वीस मिनिटं शांत बसायचं, म्हणजे चेहरा खोलीच्या हवेला सरावतो. मुख्य म्हणजे चेहऱ्याला हात लावायचा नाही. हे मशीन चालवणाऱ्या मुलीने सांगितलं तेव्हा मी अशी मान हलवली, जणू मीच तिला शिकवून पाठवलंय.

वीस मिनिटं झाली. "आइए," ती म्हणाली. माझी मुलगी उठली. तिची थोडी घालमेल होत होती, ते मला दिसलं. आणि मी, पंधरा-सोळा वर्षं तेच वाक्य म्हणणारा माणूस, पुढे झालो, तिच्या गालावर तळहात ठेवला, चांगला दाबून ठेवला आणि म्हटलं, "चल वाघा. काही नाही होत."

ती खुर्चीत बसली. कॅमेरा फिरला. पडद्यावर तिचा चेहरा आला, आणि उजव्या गालावर चार निळी बोटं. मी घाबरलो की माझे हात गार पडतात. बर्फासारख्या त्या हाताचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की करंगळीचं वाकडं पेरसुद्धा ओळखू येत होतं.

डॉक्टर मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ये किसने छुआ?"

मशीनवाली माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघायला लागलो.

"पापा ने," मुलगी म्हणाली. डॉक्टरांशी ती हिंदीतच बोलत होती, आणि रक्तगट सांगावा इतक्या सहज बोलली. "ये हमेशा इसी साइड हाथ लगाते हैं. दूसरी साइड आज तक नहीं लगाया."

डॉक्टर मॅडमनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

"दोनों गाल को आपस में मिलाके देखना होता है," त्या म्हणाल्या. "एक गाल ठंडा कर दिया तो मिलाएंगे किससे? फिर से बैठिए. बीस मिनट. और पापा, आप हाथ जेब में रखिए."

आम्ही पुन्हा त्या दोन खुर्च्यांवर बसलो. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्या, मशीनवाली बाहेर गेली. माझे हात पँटच्या खिशात. फोन बाहेर लॉकरमध्ये. चहा नाही. वीस मिनिटं बाप आणि मुलगी समोरासमोर बसण्याचा हा प्रसंग आमच्या आयुष्यात बहुधा पहिलाच.

"रागावलीस?" मी विचारलं.

"कशावर?"

"ते... बाजूवर."

"बाबा, लहान असताना मला वाटायचं की तुझा उजवा हातच चालतो," ती म्हणाली. "मग एकदा तू डाव्या हाताने शेजारच्यांच्या कुत्र्याला कुरवाळत होतास. तेव्हा कळलं."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावर अडकलं. मग मी ते सांगितलं, जे चौदा वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही त्यातलं अर्धंच माहीत होतं.

ती सहा वर्षांची असताना शाळेला फोटो हवे होते. मी तिला आमच्या सेक्टरच्या मार्केटमधल्या स्टुडिओत घेऊन गेलो. फोटो काढून झाला, आणि ती बाहेर स्टुलावर बसून पेरू खात असताना मी फोटोवाल्याला हळूच म्हटलं, "भैया, जरा साफ कर देना." त्याने विचारलंही नाही काय साफ करायचं. संध्याकाळी आठ फोटो मिळाले. दोन्ही गाल सारखे. मी खूश. घरी तिच्या हातात दिले तर ती म्हणाली, "ही कोण आहे?"

बायकोने त्याच दिवशी मला परत पाठवलं आणि नवे फोटो काढून आणायला लावले. "जुने फाडून टाका," ती म्हणाली. मी सात फाडले.

"आणि आठवा?" मुलीने विचारलं.

"ऑफिसात आहे. टेबलाच्या काचेखाली."

"अजून?"

"हो."

तिचा हात सवयीने गालाकडे निघाला होता, तो तिने मांडीखाली दाबून धरला. "लोक विचारतात? ही कोण म्हणून?"

"विचारतात. मी सांगतो, माझी मुलगी."

"आणि मी आले असते तर?"

उत्तर तिला माहीत होतं. आमच्या कंपनीत दरवर्षी दिवाळीला घरच्यांना बोलावतात. खेळ असतात, छोले भटुरे असतात, सगळ्यांची मुलं येतात. मी दरवर्षी बायकोला सांगायचो की ह्या वर्षी नाहीये बहुतेक. ती कंपनी मी पाहिलेली आहे, बायकोने नाही, मुलीने नाही. एका फोटोसाठी.

"चौदा दिवाळ्या," ती म्हणाली. "बाबा, मला छोले भटुरे किती आवडतात माहितीये ना तुला?"

आवाज हसरा होता. डोळे नव्हते. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "आत्ता मला रडवू नको, चेहरा गरम होईल. मग अजून वीस मिनिटं." आणि खरंच, ती पापण्या न हलवता माझ्यामागच्या भिंतीकडे बघत राहिली. मीही तेच केलं.

दुसऱ्यांदा चित्र नीट आलं. मी पुढे वाकून बघितलं. ओठाच्या वर, जिथे फोड होते, तिथे एक पिवळा ठिपका आणि त्याच्या बाजूला बोटाएवढी पिवळट पट्टी. बाकी गाल? बाकी गाल उजव्या गालासारखाच होता. तोच रंग, तीच छटा. मी पुन्हा बघितलं. इतकी वर्षं जो मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा, तो डाग त्या कॅमेऱ्याला दिसलाच नाही. स्टुडिओवाल्याकडे मी जो चेहरा मागितला होता, तो इथे फुकट मिळाला होता, आणि त्याचा अर्थ डाग नाही असा नव्हता. एवढाच होता की तिथलं रक्त काही वेगळं गरम नाही, जोर लावावा असं तिथे काही नाही. आमच्या रिपोर्टात अशा जागी मी "नॉर्मल" लिहितो आणि पुढच्या पॅनेलकडे जातो.

"ये होंठ के ऊपर वाला करना जरूरी है," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "गाल का भी कर सकते हैं. कई बार आना पड़ेगा. हल्का होगा, पूरा जाएगा ऐसा वादा मैं नहीं करूंगी. कैमरा तो इतना ही बताता है कि कहां कितना है. करना है या नहीं, ये नहीं बताता." हे सांगताना त्या माझ्या मुलीकडे बघत होत्या.

मी तोंड उघडलं. मग मिटलं. हात खिशातच होते.

"नहीं," मुलगी म्हणाली. "सिर्फ होंठ वाला." मग माझ्याकडे वळून मराठीत, "पुढे कधी वाटलं तर बघू. मला वाटलं तर."

"तुला वाटलं तर," मी म्हटलं.

लेझर दुसऱ्या आठवड्यात झाली. पाच-सात मिनिटांचं काम. रबर बँड ताणून सटकन सोडल्यासारखं लागतं आणि लगेच गार फवारा येतो, असं तिने सांगितलं. बाहेर आली तर वरचा ओठ जांभळा, जणू अख्खं जांभळाचं झाड चोरून खाल्लंय. काही दिवस तिथे कोणी हात लावायचा नाही, असं डॉक्टर मॅडमनी बजावलं, आणि माझं नाव न घेता माझ्याकडे बघितलं.

निघताना मुलगी मशीनवालीला म्हणाली, "वो पहली वाली फोटो मिलेगी? उंगलियों वाली?"

"वो तो खराब आई थी."

"वही चाहिए."

प्रिंट तिने पिशवीत टाकली आणि मेट्रोत मला म्हणाली, "सोमवारी येते तुझ्या ऑफिसला."

"ओठ बरा होऊ दे की."

"सोमवारी," ती म्हणाली.

सोमवारी ती मुनिरकाहून आली, दुपारच्या जेवणाच्या सुमारास. जांभळा ओठ, लाल गाल, केस मागे बांधलेले. मी गेटवर घ्यायला गेलो आणि चालताना नेहमीसारखा तिच्या डाव्या बाजूला झालो. तिने काही न बोलता मला कोपराने दुसऱ्या बाजूला ढकललं.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी, लुधियानाचा सज्जन माणूस, उठून उभा राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, काचेखालच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. आणि मनापासून, काहीही वाकडं मनात न ठेवता म्हणाला, "भाईसाब, आपने बताया नहीं, दो बेटियां हैं आपकी?"

सगळा हॉल जेवायच्या गडबडीत होता, तरी मला वाटलं की सगळे ऐकतायत.

"नहीं," मी म्हटलं. "एक ही है. यही है. वो फोटो गलत है. मैंने गलत करवाई थी."

तो बिचारा गोंधळला. "अच्छा, अच्छा," म्हणत त्याने खुर्ची पुढे केली. मुलगी बसली नाही. तिने माझा पेनस्टँड आणि कॅलेंडर बाजूला ठेवलं, काचेचा कोपरा उचलला आणि तो चौदा वर्षांचा फोटो नखाने सोडवला. तो काचेला चिकटला होता, एक कोपरा फाटला. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवीत टाकला. त्याचं तिने काय केलं, ते मी विचारलेलं नाही. मग त्याच जागी तिने ती प्रिंट सरकवली आणि तळहाताने काच दाबून बसवली.

सहकाऱ्याचं आयुष्य उष्णतेची चित्रं वाचण्यात गेलेलं. तो लगेच वाकला, नाकावरचा चष्मा पुढे-मागे केला. ओठावरच्या पिवळ्या ठिपक्याला त्याने मान डोलावली. मग त्याचं बोट उजव्या गालावर थांबलं.

"ये चार लाइनें कैसी? यहां तो कोई फॉल्ट नहीं होना चाहिए."

"हाथ है," मी म्हटलं. "मेरा."

"मतलब ऑपरेटर की गलती?"

"हां," मी म्हटलं. "ऑपरेटर की."

मुलगी माझ्या खुर्चीत बसली होती. "बाबा," ती म्हणाली, "इथे छोले भटुरे कुठे मिळतात?"